चंद्रभानच्या दहा खुर्च्या

१

बन्सीधरनं खुर्च्या चोरल्याच असतील, तर त्याला त्यातून काय मिळणार होतं, याचा हिशेब ताडकळसनं चहाच्या गाड्यावर उभ्याउभ्याच लावून टाकला होता. कुणी त्याला परभणीत प्लॉट दिला, कुणी नांदेडात दुकान काढून दिलं, एकानं तर त्याच्या जावयाला बुलेट घेऊन दिली. दुसऱ्याच्या पापाची कमाई मोजताना लोक फार उदार होतात. बन्सीधरजवळ खरोखर होती ती वाचनालयाच्या मागची एक खोली. तिच्यात बाज टाकली की दार निम्मंच उघडायचं. शिवाय गावातल्या तीस-पस्तीस वर्षांच्या वावरण्यानं कमावलेलं नाव होतं, आणि ते गेल्या आठवड्यापासून उतरणीला लागलं होतं.

उत्तराताई सेलूकरांनी सहकारी संस्थांची तपासणी करण्यात उमर घालवली होती. आता त्या पूर्णेला निवृत्तीत होत्या. वाचनालयाचे अध्यक्ष किशनराव त्यांच्या नवऱ्याचे जुने स्नेही. त्यांचा फोन आला तेव्हा उत्तराताईंनी एवढंच विचारलं, "कागद बघायचेत का?"

"कागद न्हाईत ताई, माणसं बघायचीत," किशनराव म्हणाले. "पोलिसात जायच्या आधी तुमी एकदा येऊन जा. गावच्या इज्जतीचा सवाल हाय."

मामला असा होता. चंद्रभान नावाचा ताडकळसचाच एक मुलगा हैदराबादेत शिकला, काही वर्षं परदेशात राहिला आणि साठ सालच्या सुमाराला परत आला. त्यानं गावाला वाचनालयाचा हॉल बांधून दिला आणि त्यासाठी दहा खुर्च्या स्वतः आखून करवून घेतल्या. सागवानी चौकट, वेताची बैठक, पाय टोकाला निमुळते होत बाहेर तिरके गेलेले, जणू नुकतं उभं राहिलेलं वासरू तोल सावरतंय. नक्षीचं नाव नाही. तेव्हाच्या जाणत्यांनी नाकं मुरडली होती. निजामाच्या कचेरीत असतात तसल्या भारदस्त खुर्च्या येतील असं त्यांना वाटलं होतं. चंद्रभान लवकर गेला. आणि आता, एवढ्या वर्षांनी, त्यानं इतरांसाठी केलेल्या चार-दोन खुर्च्या परदेशातल्या लिलावात झळकायला लागल्या.

मग गावाला जाग आली. दोन खुर्च्या विकायच्या, हॉलचं गळकं छत नवं करायचं, बाकीच्या जपायच्या, असं ठरलं. जुन्या फर्निचरचा व्यापार करणारा नचिकेत नावाचा जाणकार पुण्याहून आला. त्यानं खुर्च्या उलट्या करून पाहिल्या, नखानं खरवडल्या आणि हळू आवाजात सांगितलं की या नकला आहेत, फार तर वर्षा-दोन वर्षांच्या.

नकला इथं असतील, तर असली कुठं गेल्या? हॉलची किल्ली एकट्या बन्सीधरकडे. उद्या सकाळी समितीची बैठक होती. तिच्यात तक्रार लिहायची आणि त्याची खोली काढून घ्यायची, हे जवळजवळ ठरलेलंच होतं.

उत्तराताई बसनं आल्या त्या थेट हॉलमध्ये शिरल्या. नऊ खुर्च्या लांब टेबलाभोवती मांडलेल्या होत्या. दहावी कधीची मोडली होती. उडून जाईल असा रंग त्यांच्यावर मुळात नव्हता, तुटेल अशी नक्षी नव्हती, जुनी होईल अशी हौस नव्हती. साठ वर्षांपूर्वीची वस्तू परवा आणल्यासारखी का दिसते, याचं अर्धं उत्तर त्यांना तिथंच मिळालं. उरलेल्या अर्ध्याला मात्र वॉर्निशचा वास येत होता.

बसच्या धक्क्यांनी कंबर आखडली होती. त्या एका खुर्चीत टेकल्या आणि घरी बसतात तशी, नकळत, मांडी घालून बसल्या. खुर्ची रुंद होती, मांडी सहज मावली. खुर्चीच्या हातांखालच्या उभ्या दांड्यांना दोन्हीकडून गुडघे टेकले, आणि टेकले ते एकेका खळग्यात. कुणी माप घेऊन ठेवावं तसे.

बन्सीधर दाराशी उभा होता. साठीचा, सडसडीत, पांढरा सदरा, पायात काही नाही.

"बन्सीधर, तू बसतोस का कधी यांच्यावर?"

"न्हाई ताई. आमी कशाला."

"खुर्च्या बदलल्यास?"

"न्हाई. ह्याच हायेत त्या." तो जरा थांबला. "पर मला त्येच्याबद्दल जास्ती इचारू नका. मी शब्द दिलाय."

२

शब्द कुणाला दिलाय, हे त्यानं सांगितलं नाही. उत्तराताईंनीही रेटलं नाही. तपासणीच्या नोकरीत त्या एक गोष्ट शिकल्या होत्या. गप्प बसलेल्या माणसाला हलवण्यापेक्षा त्याच्या आजूबाजूच्यांना बोलकं करणं सोपं पडतं.

ग्रंथपाल ईश्वरी टेबलाच्या टोकाला नोंदी करत बसली होती. पंचविशीची, डोळे सुजलेले. खुर्च्यांचे फोटो इंटरनेटवर तिनंच टाकले होते, त्यामुळे निम्मं गाव आता तिच्याकडेही तिरकं बघत होतं.

"मी फोटो टाकले नसते तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "खुर्च्या होत्या तिथंच राहिल्या असत्या. बन्सीकाका मला पोरीसारखं बघतात."

"फोटोत त्या कशा दिसत होत्या?"

"काळपट. म्हणजे, चहाच्या रंगाच्या. आता अशा पिवळ्याधमक दिसायल्यात. म्हणून तर सगळ्यांचा विश्वास बसला."

"नचिकेतरावांनी यायच्या आधी काही कळवलं होतं?"

"हो. फोनवर बजावून सांगितलं होतं, खुर्च्यांना हात लावू नका. पुसूसुद्धा नका. जुनेपणाचा जो थर असतो ना, त्यालाच किंमत असते म्हणाले."

"आणि हे तू बन्सीधरला सांगितलंस?"

ईश्वरीनं मान हलवली. "त्यांना कशाला? अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले, बरं बरं."

उत्तराताई तिथून निघाल्या त्या अवधूतच्या कारखान्यात गेल्या. अवधूत किशनरावांचा पुतण्या. लाकडाचं काम, यंत्रं, करवती, सगळं त्याच्याकडे होतं. खुर्च्यांच्या नकला कुणी करू शकत असेल तर तोच, असं गावात बोललं जात होतं. त्याच्या कानावर ते गेलेलं होतं.

"या मावशी, या. चोराच्या दुकानात चहा चालंल का?"

"साखर कमी घाल. चोराकडची साखर महाग असते."

तो कसनुसा हसला. त्यानं कोपऱ्यातून एक अर्धवट खुर्ची ओढून काढली. "हे बघा. खरं सांगतो, मी एक नक्कल करून बघितली होती. गंमत म्हणून. दिसायला लय सोपी. चार पाय, दोन हात. पर बसलं की मागं कलंडती. त्यो तिरपा पाय कुठून निघतो अन् कुठं टेकतो, त्येच्यातच सगळी मेख हाय. मी तीनदा केलं अन् सोडून दिलं. गिऱ्हाइकाला बी सोफाच लागतो, मोराच्या नक्षीचा."

उत्तराताईंनी त्या अर्धवट खुर्चीच्या उभ्या दांड्यांवरून आतल्या अंगानं बोट फिरवलं. सपाट, सरळ. खळगा नाही.

"हे दांडे सरळच ठेवलेस?"

"मंग? वाकडे कशाला ठेवू?"

"गेल्या पंधरवड्यात वॉर्निश कुणी नेलं तुझ्याकडून?"

"काकांनीच माणूस धाडला होता. वॉर्निशचे डबे अन् पॉलिश पेपरचा अख्खा गठ्ठा. घरचं दार घासायचंय म्हणाले." अवधूत चहाचा कप ठेवता ठेवता थबकला. "कामून हो मावशी?"

३

किशनरावांच्या दारापाशी उत्तराताई पायताण काढायच्या आधी जराशा थांबल्या. दाराला पोपडे आले होते. गेल्या पावसाळ्यातला ओलीचा डाग अजून खालच्या फळीवर होता. या दाराला इतक्यात पॉलिश पेपर काही लागलेला नव्हता.

आत नचिकेतही होता. चाळिशीचा, खादीचा कुर्ता, बोलणं मऊ. किशनरावांनी पाहुण्यासाठी फरशीवर गादी आणि तक्या टाकला होता, त्यावर तो अवघडून, पाय कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला घेत बसला होता. मांडी त्याला जमत नव्हती.

"तुम्ही तपासणी करत होतात असं ऐकलं," तो म्हणाला. "मग तुम्हाला कळेल. मलाही वाईट वाटतंय. चंद्रभानचं काम बघायला मी इतक्या लांब आलो."

"एवढं काय आहे हो त्यात?" उत्तराताईंनी भोळेपणानं विचारलं. भोळेपणा हे त्यांचं जुनं अवजार होतं.

नचिकेतचा चेहरा उजळला, आणि तेवढ्यापुरता तरी तो खोटा नव्हता. "बघा, त्या काळात जगभर लोकांनी एक ठरवलं होतं. वस्तूला जेवढं लागतं तेवढंच द्यायचं. चंद्रभाननं ते इथं आणलं, इथल्या सागवानात, इथल्या वेतात. मिरवायला त्यात काही नाही, म्हणून आजच्या फ्लॅटमध्ये ठेवलं तरी ते उपरं वाटत नाही. लोक त्यासाठी वेडे होतात."

"आणि या नकलांचं आता काय करायचं?"

"मी किशनरावांना म्हणालोच. पोलिसांचं होईल ते होईल, पण या तुमच्या डोळ्यांसमोर नकोत. मी घेऊन जातो. माझ्या एका मित्राचं हॉटेल आहे, त्याला बसायला चालतील. फार नाही, पण तुमचं छत निदान तात्पुरतं ठीक होईल एवढं देतो."

"नऊच्या नऊ?"

"दहा," नचिकेत म्हणाला. "ती मोडकी पण. सेट पूर्ण असला की बरं दिसतं."

किशनरावांनी घाईनं पान पुढं केलं. "ताई, लय उपकार हायेत यांचे. न्हाई तर नकली माल कोण घेतंय?"

उत्तराताईंनी पान घेतलं नाही. किशनरावांच्या कपाळावर घाम आला होता, आणि पंखा चालू होता.

४

मोडकी खुर्ची बन्सीधरच्या खोलीशेजारच्या अडगळीत, जुन्या पोत्यांखाली होती. बन्सीधरनं पोती बाजूला केली. पाठ मधोमध दुभंगलेली, एक पाय निखळलेला. उत्तराताईंनी ती उजेडात ओढायला सांगितली.

ती काळपट होती. चहाच्या रंगाची. हाताच्या टोकाला, जिथं कित्येक तळवे घासले होते तिथं, लाकूड आतून तेल लावल्यासारखं चमकत होतं. उभ्या दांड्यांच्या आतल्या अंगाला दोन्हीकडे तेच उथळ खळगे होते.

त्या अंगणातल्या ओट्यावर बसल्या, मांडी घालून. बन्सीधर खाली, जमिनीवर, मांडी घालून. अंगणापलीकडच्या उघड्या दारातून हॉल दिसत होता. परीक्षेचा अभ्यास करायला आलेली तीन-चार मुलं खुर्च्यांत पाय वर घेऊन, मांडीवर पुस्तक ठेवून बसली होती. उत्तराताई बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"बन्सीधर," त्या म्हणाल्या, "मी बोलते. तू नुसता ऐक. शब्द मोडायची गरज नाही."

"जी."

"पाहुणा येणार होता. मोठा पाहुणा, पुण्याचा. आणि आपल्या खुर्च्या अशा काळ्या, कळकट. पाहुण्यापुढं असली बैठक ठेवायची म्हणजे घराची अब्रू जाते, असं कुणाला तरी वाटलं. त्यानं तुला सांगितलं, दसऱ्याला घर धुऊन काढतो तशा लखलखीत कर. आणि कुणाला सांगू नको. पाहुण्याला वाटलं पाहिजे की इथं रोजच असं असतं."

बन्सीधर खाली बघत होता. त्याच्या बोटांच्या पेरांवर कातडी सोललेली होती.

"हातानं घासल्यास," उत्तराताई म्हणाल्या. "यंत्रानं नाही. यंत्रानं खळगे सपाट झाले असते."

"मशीन लागली असती तर लाकडाला मार बसला असता," तो हळूच म्हणाला. मग त्यानं जीभ चावली.

"आणि ही मोडकी?"

"ती कोण बघणार व्हती?"

उत्तराताई उठल्या. उद्या बन्सीधर सुटणार होता, याबद्दल त्यांना शंका उरली नव्हती. तरी त्या निघता निघता थांबल्या. त्याला सोडवायचं म्हणजे त्यानं काय केलंय हे त्याच्यासमोर सांगावं लागणार होतं, आणि ते त्याला अजून माहीत नव्हतं.

५

बैठकीला हॉल भरला. समितीचे लोक टेबलाभोवती, बाकीचे भिंतीला टेकून. बन्सीधर दाराबाहेर उभा. त्याला कुणी आत या म्हटलं नाही. उत्तराताईंनी मोडकी खुर्ची आणवून टेबलाच्या टोकाला ठेवली.

"नचिकेतराव," त्या म्हणाल्या, "या नऊ नव्या कशावरून?"

"सांगितलं ना. वरचा थर नाही. वॉर्निशखाली लाकूड ताजं दिसतं. एवढ्या वर्षांत ते गडद व्हायला हवं."

"बरोबर. मग ही दहावी बघा. गडद आहे, थर आहे. पॉलिश पेपरचा एक ओरखडा नाही. हिला तुम्ही काय म्हणालात?"

नचिकेतनं घड्याळात बघितलं. ईश्वरी म्हणाली, "अडगळीतली नुसती लांबून बघितली आणि दहाच्या दहा नकला, असं म्हणाले होते."

"नऊ खोट्या धरल्या तरी ही खरी निघते," उत्तराताई म्हणाल्या. "तुमच्याच कसोटीवर. आणि तुम्ही तर तिला नखानंसुद्धा खरवडलं नव्हतं. ती खोटी म्हणायचं कारण एकच. ती खरी म्हटली असती, तर लोकांनी तिच्या शेजारी बाकीच्या ठेवून बघितल्या असत्या. आणि मग हे दिसलं असतं." त्यांनी दांड्यावर हात ठेवला. "तुम्ही सगळे इथं कसे बसलाय?"

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. टेबलाभोवतीचे पाचही जण मांडी घालून बसले होते. किशनरावही.

"चंद्रभाननं खुर्ची केली पाय खाली सोडून बसायला. गावानं ती तशी कधी वापरलीच नाही. साठ वर्षं जो आला तो पाय वर घेऊन बसला, आणि गुडघ्यांनी लाकूड झिजलं. नक्कल करणाऱ्यानं चित्र बघून नक्कल केली असती. चित्रात माणूस पाय सोडून बसलेला असतो. अवधूतनं केली तिला खळगे नाहीत. या नऊंना आहेत, या मोडकीला आहेत. या दहाही बहिणी आहेत. चोरी झालेली नाही."

 मग मागून एकजण म्हणाला, "मंग नव्यासारख्या दिसायलेत कशानं?"

उत्तराताईंनी किशनरावांकडे बघितलं. फक्त बघितलं. ती वेळ त्यांनी त्यांच्यासाठी मोकळी ठेवली होती.

किशनरावांनी मांडी मोडली, पाय खाली सोडले. "मी घासून घेतल्या," ते म्हणाले. "ईश्वरीनं सांगितलं व्हतं, हात लावू नका म्हणून. मला वाटलं, पुण्याचा माणूस यायलाय, अन् आपल्या खुर्च्या अशा भिकाऱ्यासारख्या. बन्सीधरला शपथ घातली, सांगू नको म्हणून. मग हे नकली म्हणाले, तवा माझ्या ध्यानात आलं. पर आता कसं सांगावं?" त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "चोरी झाली म्हटलं की एक माणूस चोर ठरतो. मी केलं म्हटलं की अध्यक्ष येडा ठरतो."

नचिकेतनं आपली पिशवी उचलली. "अंदाज चुकतो माणसाचा," तो म्हणाला.

"चुकला असता तर मोडकी मागितली नसती," उत्तराताई म्हणाल्या. "बन्सीधरनं घासलेलं बघून तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलंत. थर गेल्यानं पडलेल्या भावात तुम्ही समाधान मानलं नाही. तुम्हाला फुकटच्या भावात हव्या होत्या."

तो गेला. त्याला कुणी अडवलं नाही, कुणी दारापर्यंत सोडायलाही गेलं नाही.

६

बन्सीधरला आत बोलावलं. माणसं उठून उभी राहिली. कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला, कुणी पाणी दिलं. किशनराव त्याच्यापुढं वाकले, तेव्हा त्यानं त्यांचे हात धरले.

"असू द्या मालक," तो म्हणाला. मग ईश्वरीकडे वळला. "पोरी, त्यो थर म्हणजे काय गं? आता त्यो न्हाई, म्हणजे छत व्हईल का?"

ईश्वरीनं उत्तराताईंकडे बघितलं. उत्तराताईंनीच सांगितलं. जमेल तेवढं सोपं करून सांगितलं की लोकांच्या हातांनी, घामानं, उन्हानं वर्षानुवर्षं लाकडावर जे चढतं, बाहेरची माणसं त्यालाच किंमत देतात. ते एकदा गेलं की परत आणता येत नाही. मोडकीचं थोडंफार येईल. बाकीच्यांचं फार नाही.

बन्सीधर ऐकत राहिला. त्यानं जवळच्या खुर्चीच्या हातावर तळवा ठेवला. ते लाकूड त्यानं उपाशीपोटी बसून, दिवसचे दिवस, रेषांच्या दिशेनं घासलं होतं, लेकराला न्हाऊ घालावं तसं.

"मंग मी चोरलं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "कुठं तरी धड तर राहिल्या असत्या."



पुढं काय झालं ते उत्तराताईंना ईश्वरीच्या फोनवरून कळत राहिलं, आणि सवयीनं त्यांनी ते मनात दोन बाजूंना मांडलं. नचिकेतचा पेट्रोलचा खर्च वाया गेला. तो आता दुसऱ्या कुठल्या गावात गादीवर अवघडून बसला असेल. किशनराव अध्यक्षच राहिले, कारण त्यांनी कबूल केलं हे लोकांना आवडलं. अवधूतला बोलणी बसली ती विसरली गेली. छत यंदाही गळेल, आणि मुलं टेबल कोरड्या कोपऱ्यात ओढून अभ्यास करतील.

बन्सीधरची खोली राहिली. नाव राहिलं. किल्लीही त्याच्याकडेच आहे. रोज सकाळी तो हॉलचं कुलूप काढतो, दार ढकलतो, आणि उंबऱ्याच्या बाहेरूनच झाडणी ईश्वरीच्या हातात देतो. आत पाऊल टाकत नाही. खुर्च्यांवर धूळ बसायला लागलीय आणि त्यानं ती बसू दिलीय. ज्यानं काही घेतलं नव्हतं, त्यानंच भरलं.